व्हिएतनाम, पंधरा दिवस, नव्वद हजार: आधी यादी अर्धी करा

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पुण्याहून दोघं मित्र निघणार, हातात पंधरवडा, माणशी नव्वद हजार, दोघंही शाकाहारी (अंडं चालतं), आणि जायचं ते मुख्यतः फोटोंसाठी. यादीत हनोई, सापा, हा लाँग, निन्ह बिन्ह, ह्यूए, दा नांग, होई आन, सायगाव (म्हणजे हो ची मिन्ह सिटी) आणि मेकाँग. बॅगेत फुल फ्रेम कॅमेरा, तीन लेन्स, ट्रायपॉड आणि ड्रोन. जमेल का?

पैशांत जमेल. यादी मात्र जमणार नाही, आणि ओढूनताणून जमवलीत तर हाती लागतील ते भर दुपारचे फोटो. हनोई ते सायगाव रेल्वेने १,७२६ किलोमीटर आहे. नऊ ठिकाणं पंधरा दिवसांत म्हणजे दर दीड दिवसाला बॅग भरायची. हॉस्टेलमधून अकराला चेक-आउट, दोनच्या सुमारास पुढच्या गावी, चारपर्यंत खोली ताब्यात, संध्याकाळी थकून जेवण. सकाळी साडेपाचचा उजेड आणि संध्याकाळी साडेपाचचा उजेड, दोन्ही बसच्या काचेतून बघायचे. नुसतं फिरायला जाणाऱ्याला हे चालतं. तुम्हाला चालणार नाही.

दुसरं कारण हवामानाचं. मध्य व्हिएतनामचा खरा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात असतो आणि सप्टेंबर संपता संपताच तो सुरू होतो. होई आनच्या जुन्या गावात त्या दिवसांत नदीचं पाणी रस्त्यावर येणं नवीन नाही. उलट उत्तरेकडच्या डोंगरांत नेमकी त्याच वेळी भाताची खाचरं पिवळी होतात. निसर्गानेच निर्णय घेऊन दिलाय म्हणा ना. ह्यूए, दा नांग, होई आन, सायगाव, मेकाँग सरळ खोडा. फेब्रुवारी-मार्चमध्ये पुन्हा कधीतरी जा, तेव्हा मध्य भाग फार छान असतो. फक्त त्यांच्या नववर्षाचा, तेतचा, आठवडा टाळा. अर्धा देश बंद आणि उरलेला अर्धा प्रवासात असतो.

राहिला उत्तर भाग. हनोईत दोन दिवस, मग चीनच्या सीमेवरच्या हा गियांगच्या डोंगरात चार, तिथूनच भाताच्या पायऱ्यांसाठी होआंग सू फीला तीन, परत हनोईमार्गे निन्ह बिन्हला तीन आणि शेवटचे दोन पुन्हा हनोईत. एक दिवस हातचा राखून ठेवा. सप्टेंबरात वादळं येतात. २०२४ मध्ये यागी वादळाने याच भागात दरडी कोसळून अतोनात नुकसान केलं होतं. डोंगरातला एखादा दिवस पावसात गेला तरी बाकीचं गणित कोसळायला नको.

सापा का नाही, असं विचाराल. भाताच्या पायऱ्या सापालाही आहेत, पण आता तिथे हॉटेलं, केबल कार आणि सेल्फीचे झोपाळे इतके झालेत की स्वच्छ फ्रेम मिळवायला तासभर चालावं लागतं. मू कांग चायच्या पायऱ्याही सुंदरच आहेत, पण तो वेगळा रस्ता. होआंग सू फी मात्र हा गियांगच्याच भागात, गर्दी कमी, आणि उतार असे की एका वळणावर थांबलं तर समोरच्या अख्ख्या डोंगराची पायरी न् पायरी दिसते. भात साधारण सप्टेंबरच्या मध्यापासून पिकतं आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कापणी बरीच उरकलेली असते. म्हणून जमलं तर निघायची तारीख चार दिवस अलीकडे ओढा. कापलेल्या खाचराचा फोटो आपल्याला मावळातही मिळतो.

आता हा गियांग. तीन-चार दिवसांचा, साडेतीनशेच्या आसपास किलोमीटरचा वळसा, बहुतेक सगळे मोटरसायकलवर करतात. तुम्ही लिहिलंय की सह्याद्रीतले सगळे घाट बाईकने केलेत, त्यामुळे तिथेही भाड्याने घेऊन चालवू. चालवता येईल यात शंका नाही, पण चालवू नका. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या जिनिव्हा कराराचा असतो. व्हिएतनाम १९६८ च्या व्हिएन्ना कराराचा मानतो. म्हणजे कागदावर तुम्ही विनापरवाना. पोलिसाने अडवलं तर दंड, हे एक वेळ सोडा. अपघात झाला तर प्रवासविमा कंपनी हेच कारण पुढे करून हात वर करेल, आणि डोंगरातून हनोईच्या इस्पितळापर्यंतचा खर्च तुमच्या खिशातून. तिथे 'ईझी रायडर' म्हणून सोय आहे: बाईक स्थानिक मुलगा चालवतो, तुम्ही मागे बसता. राहणं, जेवण, पेट्रोल धरून तीन-चार दिवसांचे चाळीस-पन्नास लाख डाँग होतात. आकडा ऐकून दचकू नका. रुपयांत चौदा ते सतरा हजार. विमान सोडलं तर अख्ख्या ट्रिपमधला हा सगळ्यात मोठा खर्च, आणि तो वाचवू नका असं मी ठामपणे सांगेन. मागे बसलं की दोन्ही हात मोकळे राहतात आणि 'थांब' म्हटलं की गाडी थांबते.

फक्त वीस जणांच्या ताफ्यात जाऊ नका. स्वस्त पडतं, पण ताफा थांबतो तो जेवायला आणि ठरलेल्या पॉइंटांवर, तेही सगळे एकाच वेळी. तुम्ही दोघं, दोन रायडर, एवढंच ठरवा आणि आधीच सांगा की आम्हाला पहाटे निघायचंय, दुपारी झोपायचंय. ते हसतील, पण ऐकतील.

मा पी लेंग खिंडीबद्दल जरा सविस्तर, कारण सगळे तिथे जातात आणि बहुतेकांचे फोटो फसतात. डाँग वान ते मेओ वाक या वीसेक किलोमीटरच्या रस्त्यावर ही खिंड आहे. खाली न्हो क्वे नदी, हिरवट निळी, उभ्या कड्यांच्या मधोमध. आपल्याला वाटतं की सूर्योदयाला पोचलं की काम झालं. पण दरी इतकी खोल आहे की तेव्हा वरचे सुळके सोनेरी आणि नदी काळीठिक्कर. कॅमेऱ्याला दोन्ही एकदम पेलत नाही. पहाटेचा वेळ सुळक्यांना द्या, लांब लेन्सने, थरावर थर चढलेले डोंगर टिपायला. नदीसाठी ऊन खाली उतरेपर्यंत, नऊ-साडेनऊपर्यंत, तिथेच बसा. मुक्काम खिंडीच्या पायथ्याशी पा वी गावातल्या ह्माँग या डोंगरी जमातीच्या मातीच्या घरांत करा. डाँग वानला राहिलात तर पहाटे अंधारात तेवढा घाट चढावा लागेल. पैशाच्या बाबतीत माझा सगळा हिशोब याच एका गोष्टीवर चालतो: खोली कशी आहे यापेक्षा ती कुठे आहे याला दोनशे रुपये जास्त द्यावेत. गादी टणक चालेल, बाथरूम सामाईक चालेल. उजेडाच्या जागेपर्यंत पायी जाता आलं पाहिजे.

रविवार डाँग वानला येईल असं जमवता आलं तर बघा. रविवारचा बाजार पहाटेपासून भरतो आणि डुकरं, कोंबड्या, मक्याची दारू, भरतकामाचे घागरे सगळं एका छताखाली. तिथे ५० किंवा ३५ची एकच लेन्स लावा आणि टेलिफोटो खोलीवर ठेवा. लांबून चोरून काढलेला चेहरा चोरून काढल्यासारखाच दिसतो. कॅमेरा दाखवायचा, भुवया उंचवायच्या, मान हलली की काढायचा, मागे वळून स्क्रीनवर दाखवायचा. थाम मा घाटाच्या माथ्यावर लहान मुली पाठीवर फुलांच्या टोपल्या घेऊन उभ्या असतात, फोटोचे पैसे मागतात. गोड दिसतात. काढू नका आणि पैसेही देऊ नका. ज्या दिवशी तिथे कमाई होते त्या दिवशी शाळा बुडते.

निन्ह बिन्हबद्दल एक भ्रम काढून टाकतो. ताम कोकच्या नदीच्या दोन्ही काठांनी पिवळंधमक भात आणि मधून होडी, हा फोटो मे अखेर ते जूनच्या सुरुवातीचा. सप्टेंबरात तो मिळणार नाही, कितीही फिल्टर लावा. तरी जा, कारण हांग मुआच्या पाचशे पायऱ्या चढून वरून चुनखडीचे डोंगर आणि पाणी दिसतं ते बाराही महिने असतं. ट्रांग आनची होडी पहिल्या फेरीलाच पकडा. हा परिसर २०१४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि दहानंतर होड्यांची रांग लागते. हा लाँगची रात्रीची क्रूझ तुमच्या बजेटला खिंडार पाडेल. समुद्रातले डोंगर बघायचेच असतील तर निन्ह बिन्हचा एक आणि हातचा राखलेला एक असे दोन दिवस काट बा बेटाला देऊन दिवसाची होडी करा; नाही केलंत तरी फार बिघडत नाही.

हनोईत 'ट्रेन स्ट्रीट'वर कॉफी पीत रुळांशेजारी बसायचा मोह सगळ्यांनाच होतो. पोलीस तिथे अधूनमधून बंदी घालतात, आणि तसंही तो फोटो लाखो लोकांकडे आहे. त्याऐवजी लाँग बिएन पुलावर जा. फ्रेंचांनी १८९९ ते १९०२ मध्ये बांधलेला लोखंडी पूल, मधून रेल्वे, कडेने स्कूटर आणि सायकली, चालायला अरुंद पट्टी. (आयफेलने बांधला असं गाइड सांगतात, खरी कंपनी दायदे आणि पिए.) पुलाच्या पायथ्याशी फळांचा घाऊक बाजार मध्यरात्रीनंतर जागा होतो. दोन वाजता ट्रक रिकामे होत असतात, ड्रॅगन फ्रूटच्या पेट्या हातगाड्यांवर चढतात, टोपीवर टॉर्च बांधलेल्या बायका पाठीला रग लागेपर्यंत त्या ओढतात. ३५ मिमी, अ‍ॅपर्चर १.८, आयएसओ ३२०० ते ६४००, शटर १/१२५च्या खाली नको. वाटेत उभं राहू नका, ती माणसं कामावर आहेत. चार-साडेचारला बाजार ओसरला की तिथूनच पुलावर चढा, पावणेसहाला सूर्य नदीवर येतो. एका रात्रीत दोन विषय होतात आणि खर्च एका कॉफीचा. तुमच्या दिवसांत त्यांच्या आठव्या चांद्र महिन्यातली पौर्णिमा येत असेल तर आधीच्या संध्याकाळी हांग मा गल्लीत कंदिलांची गर्दीही मिळेल.

अगरबत्तीचं गाव, क्वांग फू काउ, आता जवळपास स्टुडिओच झालंय. लाल जुड्या गोल मांडून ठेवलेल्या, तिकीट काढा, शिडीवर चढा, काढा. वाईट नाही. पण मागच्या गल्ल्यांत बांबू चिरणारे, काड्या रंगवणारे हात खरे, आणि तिथे तिकीट नाही.

सामानाचं. स्वस्त तिकिटावर केबिन बॅग बहुधा सात किलो, आणि काउंटरवर वजन करतात. एक बॉडी, एक २४-१०५, एक ३५ प्राइम (झूम नसलेली). जड टेलिफोटोऐवजी मित्राच्या कॅमेऱ्यावर हलकी ७०-३०० लावा, दोघांत आलटून पालटून. ट्रायपॉड तीनशे ग्रॅमचा टेबलटॉप पुरे. ड्रोन पुण्यातच ठेवा: तिथे उडवायला लष्करी खात्याची परवानगी लागते आणि हा गियांग तर चीनच्या सीमेवर आहे. बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिनमध्येच. एसी खोलीतून पहाटे बाहेर पडताना कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करून न्या आणि वीस मिनिटं तसाच राहू द्या, नाहीतर लेन्सवर वाफ धरते आणि नेमका उजेड निघून जातो. महागड्या कॅमेऱ्याचं बिल मोबाइलमध्ये ठेवा, परत येताना कस्टम्सने विचारलं तर. आपली दोन गोल पिनांची चार्जर तिथे चालतात, तीन पिनांची नाहीत.

व्हिसा ई-व्हिसाच, सरकारी साइटवरून, एका प्रवेशाचे २५ डॉलर. सर्चमध्ये वर येणाऱ्या एजंट साइट दुप्पट-तिप्पट घेतात. नाव पासपोर्टवर आहे तसंच्या तसं, वडिलांच्या नावासकट. इथे एक अक्षर चुकलं तर फी गेली. तीन आठवडे आधी भरा.

खर्च माणशी असा बसतो: मुंबईहून थेट विमान लवकर काढलं तर पंचवीस हजारांच्या आसपास, बाईकचा भाग सतरा, बाकी राहणं सात-आठ, खाणं आठ, बस-ट्रेन आठ, तिकिटं, सिम, विमा, व्हिसा मिळून नऊ. पंचाहत्तरपर्यंत. उरलेले पंधरा हजार खर्चायचे नाहीत, वादळ आलं तर लागतील. विमानतळावरून गावात ८६ क्रमांकाची बस आहे, टॅक्सीवाल्यांशी हुज्जत घालू नका.

खाण्याची काळजी शहरात नाही. 'चाय' लिहिलेल्या पाट्या दिसतील, ती शाकाहारी दुकानं. बाकी ठिकाणी पालेभाजीवरही माशाचं पाणी, न्यूक माम, पडतं. फोनमध्ये व्हिएतनामी भाषेत एक ओळ लिहून ठेवा की मांस, मासे आणि न्यूक माम नको. डोंगरात टोफू, कोबी, भात, अंडं, रोज तेच. मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी न्या. तिथल्या वाफाळत्या भातावर मेतकूट घातलं तर यजमानीणबाईसुद्धा वास घेऊन वाटी पुढे करते.

आणि नोटांकडे लक्ष द्या. तीन शून्यं झाकून उरलेल्याला साडेतीनने गुणलं की साधारण रुपये येतात, ते दोन दिवसांत अंगवळणी पडतं. पण वीस हजारांची नोट निळी आणि पाच लाखांचीही निळीच. रात्रीच्या बाजारात, हातात कॅमेरा असताना, सत्तर रुपयांच्या जागी सतराशे देऊन मोकळे व्हाल. पाच लाखांच्या सगळ्या वेगळ्या खिशात, चेन लावून.