तिसऱ्या आठवड्यात गुडघे का बोलायला लागतात?

चाळिशी-पन्नाशीत व्यायाम सुरू करणाऱ्या वाचकांचे निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरं

प्रश्न : वय ४६, दिवसभर बसून काम. कॉलेज सुटल्यापासून व्यायाम असा नाहीच. दरवेळी सुरुवात जोरात करतो आणि तीन-चार आठवड्यांत गुडघा किंवा टाच धरली की सगळं बंद पडतं. माझ्यात चिकाटीच नाही का?

उत्तर : चिकाटी आहे, घाई जास्त आहे. व्यायाम सुरू केल्यावर दम सगळ्यात आधी सुधारतो. पंधरा-वीस दिवसांतच त्याच अंतराला कमी धाप लागते, मागोमाग स्नायूही तयार होऊ लागतात. पण स्नायूला हाडाशी बांधून ठेवणाऱ्या कंडरा सावकाश बळकट होतात. त्यांचा रक्तपुरवठा कमी असल्यामुळे त्यांना महिने लागतात. तिसऱ्या आठवड्यात 'आता जमतंय' असं वाटतं ते छातीच्या भरवशावर. मग माणूस चालायचा तो पळायला लागतो, आणि ज्याची तयारी झालेलीच नाही तो भाग दुखायला लागतो.

म्हणून सुरुवात लाज वाटावी इतकी थोडी ठेवा. पहिल्या आठवड्यात सपाट रस्त्यावर रोज १० मिनिटं, आठवड्यातून ५ दिवस. पुढे दर आठवड्याला रोजच्या चालण्यात ३ मिनिटं वाढवायची, मात्र चौथ्या आणि आठव्या आठवड्यात वाढ नाही, मागचंच चालू ठेवायचं. या हिशेबाने दहाव्या आठवड्यात तुम्ही ३१ मिनिटांवर येता. म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली आठवड्याची किमान १५० मिनिटं पूर्ण. चालताना बोलता आलं पाहिजे, पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग पुरे. वेळ, वेग आणि चढ यांपैकी एका वेळी एकच गोष्ट वाढवायची. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

दुखणं ओळखायलाही शिका. दोन्ही मांड्या किंवा पोटऱ्या सारख्याच दुखतात, दुसऱ्या दिवशी जास्त आणि तीन दिवसांत ओसरतं, तर ते नव्या कामाचं दुखणं. हलकं चालत राहा. एकाच बाजूला, सांध्याजवळ, बोट ठेवून दाखवता येईल असं दुखत असेल आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाढत असेल, तर दोन आठवडे मागे या. पूर्ण बंद करू नका. सांधा सुजला, अडकायला लागला किंवा त्यावर भार देता येईना, तर मात्र डॉक्टर. सकाळी उठल्यावर पहिल्या पावलाला टाच सणकत असेल तर तो बहुधा तळपायाच्या पट्ट्याचा त्रास असतो. पोटरीला ताण द्या, अनवाणी फिरणं टाळा, बुटाचा तळ झिजला असेल तर बूट बदला.

प्रश्न : वय ५२, पाळी थांबून वर्ष झालं. रोज ४० मिनिटं चालते. तरी वजनं उचला असं सगळे सांगतात. खरंच गरज आहे का? जिमला जायची इच्छा नाही.

उत्तर : गरज आहे, जिमची नाही. चालण्याने हृदय-फुप्फुसांचं भलं होतं, पण वयाबरोबर स्नायू घटतात त्याला ते पुरत नाही. पाळी थांबल्यानंतरच्या काही वर्षांत हाडांची झीजही वेगाने होते. स्नायू आणि हाड दोन्ही भार पडला तरच टिकतात. आठवड्यातून २ दिवस, मध्ये किमान एक दिवस सोडून, २० मिनिटं द्या. चार प्रकार पुरेत : खुर्चीवरून ऊठबस, भिंतीला हात टेकवून जोर, टाचा उचलणं आणि रबरी पट्टा किंवा भरलेली पिशवी कोपरातून मागे ओढणं.

ऊठबस नीट समजून घ्या, कारण सोपी वाटते म्हणून तीच सगळ्यात जास्त बिघडते. हात नसलेली खुर्ची भिंतीला टेकवा. कडेवर सरकून बसा, पावलं खांद्यांएवढी लांब, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. नाक पायाच्या बोटांवर येईपर्यंत कंबरेतून पुढे झुका आणि श्वास सोडत उठा. खरा व्यायाम बसताना आहे : मनात तीनपर्यंत मोजत खाली या. शेवटच्या चार बोटांत धप्पकन बसलात तर मेहनत तिथेच वाया. उठताना गुडघे आत वळत असतील तर मांड्यांची बाहेरची बाजू कमजोर आहे; गुडघे पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवा. गुडघा दुखत असेल तर बैठकीवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवा. श्वास रोखू नका, रक्तदाब एकदम चढतो.

८-८ वेळा दोनदा करा, मध्ये दीड मिनिट विश्रांती. १२-१२ सहज व्हायला लागल्या की छातीशी २ किलोची पिशवी धरा. शेवटच्या दोन जड गेल्या पाहिजेत, त्या हलक्या वाटतात तोवर स्नायूला वाढायचं कारणच मिळत नाही. वर्षभर तेच एक किलोचे डंबेल हलवत राहणं हा वेळेचा अपव्यय आहे. हाडं ठिसूळ झाल्याचं निदान आधीच झालं असेल, तर पाठीतून वाकून पिळण्याचे व्यायाम टाळा आणि सुरुवात फिजिओथेरपिस्टकडून शिकूनच करा.

प्रश्न : २१ दिवसांत सवय लागते म्हणतात. माझी लागतच नाही. ऑफिसचा दौरा आला की खंड पडतो आणि मग महिनाभर काही होत नाही.

उत्तर : २१ दिवसांचं विसरा. लंडनमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की एखादी कृती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागतात. कुणाला १८, तर कुणाला अंदाजाने २५४. एखादा दिवस चुकल्याने विशेष फरक पडला नाही, हेही त्यांना दिसलं. नुकसान होतं ते त्या एका दिवसानंतर 'आता सोमवारपासून' म्हणण्याने.

दौरा येणार हे माहीत आहे ना? मग त्या दिवसाचा व्यायाम आजच ठरवून ठेवा : खोलीत १० ऊठबशा, १० भिंतीचे जोर, २० वेळा टाचा. पाच मिनिटांचं काम. एवढ्याने काय होणार, असं वाटेल. ताकद फारशी वाढणार नाही, पण साखळी तुटत नाही. नियम एवढाच : सलग दोन दिवस कोरे जाऊ द्यायचे नाहीत. वेळ घड्याळाची धरण्यापेक्षा रोजच्या एखाद्या कामाला जोडा. दात घासून झाले की बूट चढवायचे. दौऱ्यावर घड्याळ बदलतं, दात घासणं बदलत नाही.

तरीही खंड पडलाच, तर आठवडाभराचा असेल तर जिथे सोडलं तिथूनच सुरू करा. दोन-तीन आठवड्यांचा असेल तर तेवढेच आठवडे मागे जा. महिन्याहून मोठा असेल तर निम्म्यावर. तापानंतर अंगातली कसर पूर्ण गेल्याशिवाय घाई नको.

आणि कृपा करून वजनकाट्यावर हुरूप टांगू नका. नुसत्या व्यायामाने वजन फार सावकाश उतरतं, आणि काटा हलत नाही म्हणून चांगला चाललेला व्यायाम सोडणारे कमी नाहीत. त्याऐवजी ३० सेकंदांत, हात छातीवर बांधून, किती ऊठबशा होतात ते महिन्यातून एकदा वहीत लिहा. ९ च्या १३ झाल्या की तुम्हाला दुसऱ्या कुणी सांगायची गरज उरत नाही.

प्रश्न : वय ५५, रक्तदाबाची गोळी चालू आहे. घड्याळात नाडीचे ठोके किती असावेत?

उत्तर : आधी गोळी कोणती ते पाहा. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल यांसारख्या गोळ्या ठोके दाबून ठेवतात. तुम्ही धापा टाकत असाल आणि घड्याळ ९५ दाखवेल. २२० वजा वय हे सूत्रही ढोबळच, एकेका माणसात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. वर सांगितलेली बोलण्याची कसोटी वापरा. तुमच्यासारख्यांनी, तसंच मधुमेह, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी जोराचा व्यायाम सुरू करण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं. इन्सुलिन घेणाऱ्यांनी साखर उतरण्याबद्दल आवर्जून विचारावं. व्यायाम करताना छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, डोळ्यांपुढे अंधारी किंवा दरदरून घाम आला तर तिथेच थांबा आणि लगेच रुग्णवाहिका बोलवा. 'थोडं बसून बघू' नको.

प्रश्न : स्ट्रेचिंग आधी की नंतर?

उत्तर : नंतर. आधी पाच मिनिटं सावकाश चाला, तोच वॉर्मअप. शेवटी पोटरी, मांडीची पुढची आणि मागची बाजू, प्रत्येकी ३० सेकंद, झटके न देता. वेळ कमी असेल तर मांड्या सोडा, पोटरी सोडू नका.