ट्वीड टोचतं, धुऊन मऊ होईल का?

प्रश्न : मुलाने स्कॉटलंडहून हॅरिस ट्वीड या लोकरी कापडाचं जॅकेट आणलंय. कापड राठ आहे, मानेला टोचतं. गरम पाण्यात भिजवलं तर मऊ पडेल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : गरम पाण्यात मुळीच घालू नका. लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात. उष्णता, पाणी आणि चोळणं एकत्र आलं की ते एकमेकांत अडकतात, कापड आटून नमद्यासारखं घट्ट होतं. ते पुन्हा सुटत नाही.

हा राठपणा दोष नव्हे, ती घडणच तशी आहे. हॅरिस ट्वीडची लोकर पिंजून सैलसर कातलेली असते. सूटाच्या गुळगुळीत कापडासारखी विंचरलेली नसते. त्यामुळे तंतूंची टोकं चहूकडे उभी राहतात. रंगही कातण्याआधीच चढवतात, म्हणून नीट पाहिलं तर एका तपकिरी धाग्यात हिरवा, केशरी असे कण दिसतात. पूर्वी तिथे खडकावरच्या लायकेनपासून तांबूस रंग काढत. ते आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाच्याच कुळातलं! १९९३च्या कायद्यानुसार हे कापड स्कॉटलंडच्या आउटर हेब्रिडीज बेटांवर, विणकराच्या घरीच विणलेलं असावं लागतं.

आत कॉलरचा, पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घाला. वापराने कापड हळूहळू नरमतं. वापरल्यावर मऊ ब्रशने झटका, रुंद खांद्याच्या हँगरवर रात्रभर वारा द्या. डाग पडलाच तर गार पाण्याच्या ओल्या फडक्याने टिपा, घासू नका. पावसाळ्याआधी ड्रायक्लीन करून सुती पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये दमट हवा कोंडून बुरशी येते. कसर मळक्या लोकरीलाच आधी लागते.