हार्ट अटॅकनंतर हृदयात सूज येते, तर मग सूज उतरवणारी गोळी का देत नाहीत?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना अटॅक येऊन गेला, रिपोर्टमध्ये सीआरपी (अंगातली सूज दाखवणारी रक्तातली खूण) वाढलेला आहे आणि घरात आयब्युप्रोफेन ही सूज-दुखीची गोळी पडून आहे. ती गोळी आधी बाजूला ठेवा. अटॅकनंतर तिने धोका वाढतो आणि अ‍ॅस्पिरिनच्या कामातही ती आडवी येते.

माझी पीएचडी याच विषयावर, त्यामुळे जरा लांबण लावतो.

आम्ही पांढऱ्या उंदराची छाती उघडून हृदयाच्या डाव्या धमनीला रेशमी दोऱ्याची गाठ मारायचो. बघता बघता खालचा भाग फिकट पडायचा. अर्ध्या तासाने गाठ सोडायची. नंतर हृदयाच्या चकत्या करून टीटीसी नावाच्या रसायनात ठेवल्या, की जिवंत स्नायू विटेसारखा लाल होतो, मेलेला पांढुरका राहतो. सूज उतरवणारं औषध दिलेल्या उंदरात पांढरा भाग चक्क कमी दिसला, तेव्हा मी रात्रीच सरांना फोन केला. सर म्हणाले, "औषध कधी दिलंस?" म्हटलं, गाठ मारायच्या आधी. "पेशंट अटॅकच्या आधी येतो का तुझ्याकडे?"

अडचण तिथेच आहे. आमचे उंदीर तरुण, धडधाकट. माणूस येतो साठीचा, मधुमेह घेऊन, छातीत दुखायला लागून काही तास उलटल्यावर. शिवाय ही सूज नुसती शत्रू नाही. पहिल्या तासांत न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या रक्तपेशी घुसतात, मेलेला भाग साफ करताना शेजारच्या जिवंत पेशींनाही पोळतात. मागून मॅक्रोफेज, म्हणजे डागडुजी करणाऱ्या गवंडी पेशी येतात आणि व्रण भरायला लागतो. हे काम अडवलं तर हृदयाची भिंत पातळ राहते, फुगते, क्वचित फाटते. अटॅकमध्ये सूज दाबणाऱ्या स्टेरॉइडचे मोठे डोस देऊन नुकसानच झाल्याचं १९७६ मध्येच छापून आलंय.

बातम्यांत दोन गोष्टींची कायम सरमिसळ होते: आत्ता मरणारा स्नायू वाचवणं आणि पुढचा अटॅक टाळणं. दुसरीत थोडं यश आहे. २०१७ च्या कॅन्टोस चाचणीत, अटॅक येऊन गेलेल्या १०,०६१ जणांत, इंटरल्यूकिन-१ बीटा हे सूज पेटवणारं प्रथिन अडवणाऱ्या कॅनाकिनुमॅब या औषधाने पुढचा अटॅक, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचा एकत्रित धोका १५ टक्क्यांनी घटला. पण जीवघेणे संसर्ग वाढले, एकूण मृत्यू काही घटले नाहीत, आणि औषध महागडं.

मग आलं कोल्चिसिन, गाउट या सांधेदुखीचं जुनं स्वस्त औषध. आपल्याकडे पावसाळ्यात कुंपणावर फुलणाऱ्या कळलावीतही ते असतं. (म्हणून कंद उगाळून देऊ नका, तो जहाल विषारी आहे.) २०१९ च्या कोलकॉट चाचणीत ४,७४५ जणांत धोका २३ टक्क्यांनी घटला, २०२३ मध्ये अमेरिकेत हृदयासाठी मान्यता मिळाली. २०२४ मध्ये सात हजारांवर पेशंटांच्या क्लिअर सिनर्जी चाचणीत मात्र काहीच फरक नाही. आणि स्नायू वाचवायचं म्हणाल, तर फ्रान्समध्ये १९२ जणांना धमनी उघडतानाच कोल्चिसिन देऊन पाहिलं. एमआरआयवर मेलेला भाग तेवढाच.

माझं मत, औषधापेक्षा वेळ पकडणं अवघड आहे. धमनी उघडल्यावर काही तास न्यूट्रोफिलना आवरायचं आणि नंतर गवंड्यांना मोकळं सोडायचं, असं औषध अजून कुणाच्या हाती नाही.

वडिलांच्या कार्डिओलॉजिस्टना कोल्चिसिनबद्दल जरूर विचारा. जाताना क्रिएटिनिनचा रिपोर्ट न्या, कारण किडनी अधू असेल तर ते अंगात साठतं. आणि कुणी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं असेल तर तेही सांगा, त्यानेही कोल्चिसिन अंगात साठतं.