निषेधाचं पहिलं पोस्टर करताना

घोषणा आधी ठरवून मग तिला चित्र चिकटवू नकोस. आधी माणसं बघ. १९४३ च्या दुष्काळात चित्रकार चित्तप्रसाद बंगालमध्ये फिरले, उपाशी माणसं शाईने रेखाटली, त्याचं ‘हंग्री बेंगॉल’ हे पुस्तक निघालं. इंग्रज सरकारने त्या पुस्तकाच्या प्रती जप्त करून नष्ट केल्या. काळ्या रेघांची एवढी धास्ती!

सुरुवात लिनोकटने कर, म्हणजे लिनोलियमच्या मऊ पत्र्यावर चित्र कोरायचं, शाई लावायची आणि कागदावर छापायचं. पुण्यात अप्पा बळवंत चौकात सामान मिळेल. प्रेस नको, चमच्याच्या पाठीने कागद घासलास की घरीच प्रती निघतात. अक्षरं मात्र उलटी कोरायची. ट्रेसिंग पेपर पालथा घालून उतरव. मात्रा-वेलांट्या जाड ठेव, बारीक असल्या की कोरताना तुटतात. आणि रस्त्यापलीकडून वाचता येईल एवढंच लिही.

भिंत रंगवायची तर आधी लेखी परवानगी हवीच, विद्रूपीकरणाविरुद्ध १९९५ चा कायदा आहे. मला विचारशील तर पोस्टर हातात धरून उभं राहावं. २० ऑगस्ट २०१३ ला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्या ओंकारेश्वराजवळच्या पुलावर त्या तारखेला लोक जमतात. तिथे ये. येणाऱ्या-जाणाऱ्यांची नजर चित्रात कुठे अडते, ते नीट बघ. शाई तेलाची वापर आणि मागे जाड पुठ्ठा लाव, ऑगस्टात पाऊस असतो.