गच्चीवरच्या लिंबावर कोळी (माइट, पानातला रस शोषणारी बारीक कीड) पडलाय, तीनदा फवारूनही परत येतो. शिकारी कोळी विकत आणून सोडू का?

आधी फवारणी थांबवा, विकत घ्यायचं मग बघू. शिकारी कोळी, म्हणजे कीड कोळ्याला खाणारे कोळी, बहुधा तुमच्या झाडावर आहेत, नाहीतर फवारणीआधी होते.

माझ्या मुलुंडच्या गच्चीवरच्या कागदी लिंबाचं हेच झालं होतं. एका नर्सरीवाल्याने सायपरमेथ्रिन हे पायरेथ्रॉइड गटातलं कीटकनाशक दिलं. आठवडाभर झाड बरं दिसलं, मग कोळी पहिल्यापेक्षा जास्त. खूप हळहळ वाटली, कारण ते मीच माझ्या हाताने केलं होतं. या गटातली औषधं शिकारी कोळ्यांना चटकन मारतात. कीड कोळ्याची मात्र अंडी वाचतात आणि उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांत नवी पिढी तयार होते. तिला खाणारं कुणी उरलेलं नसतं. दुसऱ्या महायुद्धानंतर सफरचंदाच्या बागांत डीडीटी हे कीटकनाशक आलं तेव्हाही असंच झालं. शिकारी मेले आणि तोवर किरकोळ असलेला लाल कोळी मोठी कीड होऊन बसला.

एक पांढरा कागद धरून फांदी त्यावर झटका आणि दहापट भिंगातून बघा. रेंगाळणारे ठिपके बहुतेक कीड. नासपतीसारखा निमुळता, चकचकीत, सुळकन पळणारा तो शिकारी. पानाच्या मागे मधल्या शिरेलगतही तो सापडतो. असा एक जरी दिसला, तरी त्या झाडावर औषध मारू नका, कळकळीने सांगते.

विकतचा शिकारी कोळी, व्हिडिओंत बाटलीतून सोडताना दाखवतात तो, बहुतेकदा फायटोसेइयुलस पर्सिमिलिस असतो. तो जाळी विणणाऱ्या टेट्रानिकस गटातल्या कीड कोळ्यांवरच जगतो. लिंबाच्या पानाच्या वरच्या बाजूला, फारशी जाळी न करता पांढुरके ठिपके पाडणारा कोळी वेगळा, त्याच्यासाठी हा खर्च वाया जाईल. लिंबूवर्गीय झाडांवरचे युसेइयस गटातले शिकारी परागकणही खातात, म्हणजे कीड कमी असली तरी तग धरतात. शेजारी फुलणारी झाडं ठेवा.

आणि धूळ! शेजारी बांधकाम चालू असेल तर पानांवर थर बसतो. तो कीड कोळ्याला मानवतो, शिकाऱ्याला नाही. आठवड्यातून दोनदा सकाळी पानं दोन्ही बाजूंनी पाण्याने धुवा, कोळीही बरेच वाहून जातात. तरी पानगळ थांबली नाही, तर फक्त जास्त लागलेल्या फांद्यांवर कीटकनाशक साबणाचं पाणी मारा. सुकल्यावर त्याचा असर राहत नाही, त्यामुळे शेजारच्या फांदीवरून नंतर आलेला शिकारी वाचतो.