वाचकांचे प्रश्न : हायब्रिड गाडीचे गिअरबॉक्स ऑइल घरी बदलताना

प्रश्न : आमच्याकडे स्ट्राँग हायब्रिड ग्रँड व्हिटारा आहे. मीटर 86,000 किलोमीटरवर आले. रोज वावरापर्यंत पांदण रस्ता आणि आठवड्यातून दोनदा नागपूर असे तिचे फिरणे. गिअरबॉक्सचे ऑइल एकदाही बदललेले नाही. विचारले तर ‘हे आयुष्यभराचे ऑइल आहे, हात लावू नका’ असे सांगतात. गावात ट्रॅक्टर दुरुस्तीचा पिट आहे, पाने आहेत, हात चालतात. आम्ही बदलू शकतो का?
— वाचक, वणी तालुका

उत्तर : बदलू शकता, आणि बदलाच. मात्र आधी या डब्यात काय आहे ते समजून घ्या, म्हणजे कुठे चुकायचे नाही ते आपोआप कळेल.

तुमच्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये नेहमीचे गिअर नाहीत, क्लच नाही, पट्टाही नाही. एक ग्रहमाला गिअर (मधल्या दात्याच्या चाकाभोवती छोटी चाके फिरणारा संच), त्याला जोडलेले इंजिन आणि दोन विद्युत मोटारी एवढाच कारभार आहे. या मोटारींची तांब्याची वेटोळी त्याच ऑइलने भिजतात. त्यामुळे या ऑइलला तीन कामे एकदम करावी लागतात : गिअर-बेअरिंगला वंगण देणे, मोटारींची उष्णता ओढून नेणे आणि वीज वाहू न देणे. क्लच झिजून पडणारी काजळी इथे नसते, म्हणून साध्या ऑटोमॅटिकपेक्षा हे ऑइल जास्त टिकते. ‘आयुष्यभर’ हा शब्द तिथून आला. पण नवे गिअर एकमेकांवर बसताना धातूचा जो बारीक चुरा निघतो तो ऑइलमध्येच राहतो. शिवाय आपल्याकडे मे महिन्यात पारा 45-46 च्या घरात, आत पाच माणसे, एसी चालू, अशा वेळी मोटारी सतत तापतात आणि ऑइल हळूहळू जळत जाते. आमचे मत असे : पहिला बदल 50 ते 60 हजारांवर, पुढचे दर 80 हजारांनी. तुम्हाला उशीर झाला आहे, पण नुकसान झाले असेलच असे नाही.

ऑइल कोणते, हे दुकानदाराला विचारू नका. गाडीच्या पुस्तिकेत शेवटी तांत्रिक तक्ता असतो, त्यात नाव छापलेले असते. तुमच्या ग्रँड व्हिटारातली हायब्रिड यंत्रणा टोयोटाची आहे. टोयोटाच्या हायब्रिड पद्धतीच्या गाड्यांत बरीच वर्षे एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे ऑइल) डब्ल्यूएस चालत आले आहे, अलीकडच्या काही मॉडेलना टीई नावाचे वेगळे ऑइल लागते. जे छापले आहे तेच आणा, दोन्ही एकमेकांत मिसळू नका. या जातीच्या गिअरबॉक्समध्ये साधारण तीन ते चार लिटर मावते (प्रियसच्या दुसऱ्या पिढीत 3.8 लिटर होते). म्हणून लिटरचे चार सीलबंद डबे घ्या. ड्रेन (खालचा, ऑइल काढायचा) आणि फिल (वरचा, ऑइल भरायचा), दोन्ही नटांचे नवे वॉशरही त्याच दिवशी मागवा. जुना वॉशर दाबून चपटा झालेला असतो, पुन्हा लावला की पाझरतो.

ऑइल भरायला गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल पाइप उत्तम. दीड-दोन मीटरचा कोरा तुकडा, वर नरसाळे. बोनेटमधून खाली सोडून फिलच्या भोकात टोक घातले की ऑइल आपल्या वजनाने उतरते. फवारणीचा पंप मात्र कितीही धुतला तरी वापरू नका. त्याच्या नळीत, वॉशरमध्ये औषधाचा अंश आणि पाणी राहतेच, आणि हे ऑइल थेट मोटारीच्या वेटोळ्यांवर जाते. औषधाचा रिकामा कॅनही नको, मोजायलासुद्धा.

आता काम. गाडी आठ-दहा किलोमीटर चालवून आणा म्हणजे ऑइल पातळ होईल आणि तळाचा गाळ हलेल. मग पिटवर उभी करून अर्धा तास थांबा. गाडी पूर्ण बंद करा, हँडब्रेक ओढा, चाकांपुढे-मागे दगड लावा. चावी घरात नेऊन ठेवा, खिशात ठेवून खाली उतरू नका. हायब्रिड गाडी ‘रेडी’ (चालायला तयार) स्थितीत असेल तर इंजिन कधीही आपोआप सुरू होते, आणि खाली हात घातलेल्या माणसाला ती शांतच वाटत असते. नारिंगी रंगाच्या केबल उच्च दाबाच्या आहेत. या कामात त्यांना हात लावायची गरजच पडत नाही.

तुमच्याकडे पिट आहे ही मोठी सोय, कारण गाडी चारही चाकांवर सपाट राहते. ज्यांच्याकडे पिट नाही ते फक्त पुढची बाजू जॅकवर उचलतात, तिथेच पातळी चुकते. फिलचे भोक पुढच्या अंगाला असेल तर तिरप्या गाडीत ऑइल मागे सरकते आणि भोकापर्यंत आणण्याच्या नादात जास्त भरले जाते. जास्त ऑइल गिअरमध्ये घुसळून फेसाळते, फेसाने ना वंगण मिळते ना थंडावा. उचलायचीच असेल तर चारही बाजू सारख्या, पक्क्या घोड्यांवर (जॅक स्टँडवर). काळ्या मातीवर घोडी बसते आणि कलंडते, खाली फरशी किंवा जाड फळी हवीच. जॅकवर नुसती टेकवलेल्या गाडीखाली कोणीही जाऊ नये.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो चुकीचा नट उघडण्यात. खालून पाहिले की इंजिन ऑइलचा ड्रेन आणि गिअरबॉक्सचा ड्रेन असे दोन नट दिसतात, काही मॉडेलमध्ये कूलंटचा तिसराही असतो. घाईत गिअरबॉक्स रिकामा होतो आणि वरून नवे ऑइल इंजिनात ओतले जाते. म्हणजे इंजिनात दुप्पट आणि गिअरबॉक्स कोरडा. ओळखायचे कसे? या गाड्यांत इंजिन चालकाच्या बाजूला आणि गिअरबॉक्स चालकाच्या डाव्या हाताला असतो, ज्यातून चाकांकडे जाणारे दोन्ही दांडे निघतात ती पेटी गिअरबॉक्सची. टोयोटाच्या गाड्यांत कूलंट सहसा गुलाबी आणि पाण्यासारखे, बोटाला तेलकट लागत नाही.

म्हणून पहिला नियम : आधी वरचा फिल नट उघडा, मगच खालचा. फिल नट गंजून अडकला असेल तर ते ऑइल काढल्यावर नाही, आधी कळायला हवे. शिवाय त्या भोकात बोट घातले की आत खरोखर गिअर ऑइलच आहे याची खात्री होते. नटाभोवतीची माती आधी ब्रशने आणि कोरड्या फडक्याने साफ करा.

ड्रेन नट काढल्यावर पंधरा मिनिटे थेंब थांबेपर्यंत गळू द्या. निघालेले ऑइल खुणा असलेल्या बाटलीने मोजा आणि आकडा लिहून ठेवा. नवे साधारण तेवढेच लागते, शेवटची खात्री फिलच्या भोकाच्या काठाशी करायची. पुस्तिकेपेक्षा अर्धा-पाऊण लिटर कमी निघाले तर दोन्ही बाजूंच्या ॲक्सल सीलवर (चाकांचे दांडे बाहेर पडतात तिथे) ओल आहे का पाहा, गळती तिथेच सापडते. ऑइलचा रंग तपकिरी किंवा काळपट असणारच, त्याने घाबरू नका. बोटांत चोळून पाहा : राखाडी, मऊ लेप चालतो. टोचणारे चुरे किंवा चकाकणारे तुकडे निघाले तर गाडी तशीच उभी ठेवून जाणकाराला दाखवा.

नवा वॉशर लावून ड्रेन नट बसवा. गिअरबॉक्सचे कवच ॲल्युमिनिअमचे आहे, जोर जास्त झाला की आटे जातात आणि शंभर रुपयांच्या वॉशरचे काम हजारोंवर जाते. जुन्या प्रियसमध्ये नट आवळण्याचा हा जोर (टॉर्क) 39 न्यूटन-मीटर होता. तुमच्या मॉडेलचा आकडा दुरुस्ती-पुस्तिकेतून घ्या. अंदाज यावा म्हणून : तीस सेंटिमीटरच्या पान्याच्या टोकाला सुमारे 13 किलोचा जोर म्हणजे 39 न्यूटन-मीटर. पान्याला पाइप अडकवून ताण देण्याची ट्रॅक्टरची सवय इथे सोडा. तरी शक्य असेल तर टॉर्क पाना मागून आणा.

भरताना घाई नको. मोजलेले ऑइल गेले की भोकाच्या काठाशी पाहा : पातळी काठाला टेकलेली, किंवा फार तर एक सेंटिमीटर खाली. जास्त झाले असेल तर ते भोकातूनच बाहेर ओघळू द्या, थेंब थांबले की नट लावा. पाच किलोमीटर चालवा, तासभराने दोन्ही नटांखाली कोरडा पुठ्ठा ठेवून पाहा. कॉम्प्युटरला काही सांगावे लागत नाही, कुठलेही रीसेट नाही.

वॉरंटी चालू असेल तर ऑइलचे बिल, तारीख आणि किलोमीटर एका वहीत ठेवा.

प्रश्न : तालुक्याच्या दुकानात डब्ल्यूएस मिळाले नाही. दुकानदार म्हणतो, ‘तुमच्या गाडीला ई-सीव्हीटी आहे ना, मग सीव्हीटीचे ऑइल टाका.’ चालेल का?
— वाचक, दर्यापूर

उत्तर : नाही. नावाने फसगत होते. वरच्या उत्तरातल्या गिअरबॉक्सलाच ई-सीव्हीटी म्हणतात. साध्या सीव्हीटीत लोखंडी पट्ट्याला दोन पुल्या घट्ट धरतात. त्याचे ऑइल पट्टा घसरू नये अशा घर्षणासाठी बनवलेले असते. ई-सीव्हीटीत पट्टाच नाही. त्याहून वाईट म्हणजे 80डब्ल्यू-90 सारखे जाड गिअर ऑइल. त्यातली गंधकयुक्त द्रव्ये तांब्याला खातात, आणि तुमच्या गिअरबॉक्समध्ये मोटारीचे तांबेच आहे. होंडाच्या हायब्रिडला टोयोटाचे ऑइल किंवा उलटही करू नका. आठ दिवस थांबून अमरावतीहून मागवा, तेवढ्यात काही बिघडत नाही.

प्रश्न : माझ्या अर्टिगावर ‘स्मार्ट हायब्रिड’ लिहिले आहे. मलाही हेच करायचे का?
— वाचक, आर्वी

उत्तर : नाही. तुमची गाडी माइल्ड हायब्रिड आहे : छोटी बॅटरी, आणि स्टार्टरचे काम करून इंजिनाला थोडा हातभार लावणारा जनरेटर. गिअरबॉक्स साधाच, मॅन्युअल किंवा ऑटोमॅटिक. मॅन्युअलला पुस्तिकेत दिलेले गिअर ऑइल, ऑटोमॅटिकला त्याचे एटीएफ. वरचे उत्तर तुम्हाला लागू नाही.

प्रश्न : जुलैत नाल्याला पाणी होते, गाडी मधेच बंद पडली आणि पाणी दारापर्यंत चढले. आता गिअरबॉक्समधून दुधासारखे ऑइल निघाले. नवे टाकून चालवू का?
— वाचक, चिमूर

उत्तर : चालवू नका. दुधाळ रंग म्हणजे ऑइलमध्ये पाणी घुसळले गेले. गरम पेटी अचानक थंड पाण्यात गेली की आतली हवा आकसते आणि हवेच्या नळीतून किंवा सीलमधून पाणी ओढले जाते. मोटारीच्या वेटोळ्यांसाठी हे मिश्रण घातक आहे. गाडी ‘रेडी’ करू नका, फ्लॅटबेडवर (सपाट पाठीच्या ट्रकवर) टाकून हायब्रिडची तपासणी होते तिथे न्या. आधी मोटारीचे विद्युतरोधन (वीज कुठे गळत नाही ना) मोजले जावे, ते ठीक निघाले तर ऑइल एकदा बदलून थोडे फिरवून पुन्हा बदलावे लागते. एका बदलात पाणी पूर्ण जात नाही. घरी करण्यासारखे हे काम नाही.

प्रश्न : हायब्रिड गाडी वावरात फसली तर ट्रॅक्टरने ओढावी का?
— वाचक, मूर्तिजापूर

उत्तर : चिखलातून दहा-वीस फूट बाहेर काढायला हरकत नाही : दोर गाडीच्या टोइंग हुकलाच, गिअर न्यूट्रल, हळू. पण बंद गाडी दोर लावून गावापर्यंत नेऊ नका. पुढची चाके फिरली की आतली मोटारही फिरते आणि वीज तयार करते. पुढची चाके उचलून किंवा पूर्ण गाडी फ्लॅटबेडवर, हीच रीत.

प्रश्न : घराजवळ जिनिंग आहे. कापसाच्या दिवसांत मागच्या सीटजवळून पंख्याचा आवाज वाढतो. हे गिअरबॉक्सचे आहे का?
— वाचक, हिंगणघाट

उत्तर : नाही, तो हायब्रिड बॅटरी थंड करणारा पंखा आहे. ज्या गाड्यांत तो आतली हवा घेतो, त्यांच्या जाळीवर कापसाचे तंतू आणि धूळ चिकटते. हवा कमी पडली की पंखा जोरात फिरतो, पुढे बॅटरी गरम होऊन गाडी ताकद कमी करते. जाळीची जागा पुस्तिकेत दाखवलेली असते. कापसाच्या हंगामात दर महिन्याला ती उघडून फिल्टर झटका, व्हॅक्यूमने ओढा. पाण्याने धुऊ नका, आणि आत हवेचा झोत मारू नका, त्याने तंतू बॅटरीकडे ढकलले जातात. त्या जाळीसमोर पिशव्या, पोते ठेवू नका.

प्रश्न : निघालेले जुने ऑइल उधई लागू नये म्हणून गोठ्याच्या खांबांना लावू का?
— वाचक, वणी तालुका

उत्तर : नको. गुरे खांब चाटतात, आणि या ऑइलमध्ये धातूचा चुरा असतो. नाल्यात किंवा धुऱ्यावर ओतले तर पावसाने ते विहिरीपर्यंत पोहोचते. नव्या ऑइलच्या रिकाम्या डब्यांतच परत भरा, झाकण घट्ट लावा आणि वापरलेले इंजिन ऑइल जमा करून अधिकृत पुनर्वापर करणाऱ्याला देणाऱ्या गॅरेजला द्या. त्यात पेट्रोल, थिनर किंवा पाणी मिसळलेले असेल तर ते घेत नाहीत, म्हणून वेगळेच ठेवा.