रिपोर्ट नॉर्मल, पण कुठल्या भागाचा?

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. मुलगी सहा वर्षांची, डाव्या पायातली चप्पल चालताना सुटते, दुखत काहीच नाही, कमरेचा एमआरआय नॉर्मल आणि डॉक्टर म्हणतात थांबून बघू. आमच्या मुलाचं अगदी हेच झालेलं. त्याची चप्पल शाळेच्या पायरीवर राहायची नि हा तसाच वर चढायचा, आम्ही ओरडायचो नीट चाल म्हणून. आठवलं की अजून पोटात तुटतं.

ईएमजी, म्हणजे नसा नि स्नायूंची विजेवरची तपासणी, तुमची झालीच असेल, ते सोडते. आमची मोठी चूक म्हणजे त्या नॉर्मल रिपोर्टवर आम्ही निर्धास्त झालो. कमरेच्या एमआरआयमध्ये मणके आणि नसांची मुळं दिसतात, पण सायटिक नस पुढे कुल्ल्यातून मांडीमागून गुडघ्याकडे जाते, मांडीचा तो भाग त्यात येतच नाही. मुलाच्या ईएमजीत स्पष्ट लिहिलेलं की बायसेप्सच्या शॉर्ट हेडमध्येही, म्हणजे मांडीमागच्या एका स्नायूतही, बिघाड आहे, म्हणजे दोष गुडघ्याच्या वर. तो कागद मी एमआरआय सेंटरच्या काउंटरवर पुढे केला तर म्हणे फॉर्मवर लंबर स्पाइन, म्हणजे कमरेचे मणके, आहे, तेच होणार. डॉक्टरांना एक फोन तरी लावा म्हटलं, तोही लावला नाही. मी गप्प बसले आणि या गणेशचवथीपासून त्या चवथीपर्यंत अख्खं वर्ष गेलं. तोवर डावी पोटरी उजवीपेक्षा २ सेंटीमीटर बारीक, फिजिओनी टेप लावून दाखवली.

मग दुसऱ्या न्यूरोलॉजिस्टनी कुल्ल्यापासून गुडघ्यापर्यंत एमआर न्यूरोग्राफी, म्हणजे खास नसांचा एमआरआय, लिहून दिली, ३ टेस्लाच्या जास्त ताकदीच्या मशीनवर, फॅट सप्रेशन (चरबी झाकून नस उठून दिसावी म्हणून) नि काँट्रास्टसकट (शिरेतून औषध देऊन). मांडीत नस चातीसारखी फुगलेली, पांढरी चकाकत होती. इंट्रान्यूरल पेरिन्युरिओमा, नसेच्या आतली गाठ. कॅन्सर नव्हे, हळू वाढतो, बहुतेकदा दुखत नाही म्हणूनच उशिरा कळतो.

मी डॉक्टर नाही, तुमच्या मुलीला हेच असेल असंही नाही. सीआयडीपी, म्हणजे नसांना सूज आणणारा जुनाट आजार, असला तर नसांची मुळंच जाड होतात, तिथे कमरेचाच एमआरआय कामाला येतो. पण फॉर्मवर कुठला भाग लिहिलाय ते स्वतः वाचा आणि ईएमजीत काय आलं तेही त्यावर लिहून घ्या. नुसतं थांबून बघणं मला मुळीच पटत नाही, निदान दर महिन्याला पोटरी मोजून तारखेसकट वहीत लिहा.

एमआरआयसाठी भूल देणार असतील तर सकाळची पहिली वेळ मागा, पोर उपाशी रडून रडून थकतं. स्कॅनची सीडी घेतल्याशिवाय निघू नका, बांबोळीला (गोवा मेडिकल कॉलेजात) दाखवा की मुंबईला, नुसत्या फिल्मवर भागत नाही. आणि एएफओ, म्हणजे पाऊल नि घोटा धरून ठेवणारा ब्रेस, घालायला सांगितला तर पावसात दप्तरात मोज्यांचे दोन जोड जास्तीचे ठेवा, ओल्या मोज्यावर पट्टा घासून घोट्याची कातडी सोलते.